जुन्या गाडीचं कॉम्प्रेशन कसं बघायचं आणि गेजच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

जुनी गाडी घेताना, किंवा असलेल्या जुन्या गाडीवर अजून पैसे घालायचे का नाही हे ठरवताना, लोक बॉडी बघतात, टायर बघतात, किलोमीटरचा मीटर बघतात (जो मागे फिरवता येतो हे माहीत असूनसुद्धा), आणि इंजिनाचं काय तर बॉनेट उघडून "आवाज मस्त आहे" म्हणून मोकळे होतात. आवाज जाड ऑइल टाकून पण मस्त करता येतो. इंजिन न खोलता ते आतून किती झिजलंय हे आकड्यात सांगणारी सगळ्यात साधी टेस्ट म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट. एक गेज (दाब मोजायचा मीटर), एक स्पार्क प्लग काढायचा पाना, आणि सेल्फ मारायला गाडीत बसणारा एक माणूस, बस. पण टेस्ट जितकी सोपी तितकीच चुकीची करायला पण सोपी, आणि चुकीच्या आकड्यावर चांगलं इंजिन खोलून बसलेले लोक काही कमी नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुळात होतं काय ते बघू. सिलेंडरमधे पिस्टन खाली जातो तेव्हा हवा आणि पेट्रोल आत येतं, मग दोन्ही व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट) बंद होतात आणि पिस्टन वर येताना ते सगळं दाबतो, मग स्पार्क पडतो. ही जी दाबण्याची पायरी आहे ना तेच कॉम्प्रेशन. पेट्रोल गाडीत साधारण ९ ते ११ पट दाबलं जातं, यालाच कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. नीट दाबलं गेलं तर जोरात जळतं, नाही दाबलं गेलं तर पिकअप नाही, ॲव्हरेज नाही, सकाळी स्टार्टिंगचा त्रास, आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतं. आता ही दाबलेली हवा निसटायला वाटा तीनच. पिस्टनच्या रिंगांच्या (पिस्टनभोवतीच्या कड्यांच्या) बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमधे, नाहीतर नीट न बसलेल्या व्हॉल्व्हमधून, नाहीतर हेड गॅस्केटमधून (हेड म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालचं पॅकिंग). (हेडला किंवा पिस्टनलाच क्रॅक असणं ही चौथी वाट, पण ती क्वचित.) सगळी टेस्ट म्हणजे एवढंच, की हवा निसटतेय का, आणि निसटत असेल तर या तिघांपैकी कुठून.

बऱ्याच जणांचा इथे एक हिशोब चुकतो. ते म्हणतात हवेचा दाब १४.७ पीएसआय, माझ्या इंजिनाचा रेशो १०, म्हणजे गेजवर १४७ यायला पाहिजे, मग १७५ कसे आले, गेज खराब आहे का? गेज ठीक आहे. सायकलच्या टायरमधे पंपाने हवा भरताना पंप खालून कसा गरम होतो, तसंच इथे पण दाबल्यावर हवा तापते आणि तापलेली हवा जास्त जोर लावते, म्हणून आकडा साध्या गुणाकारापेक्षा वर जातो. उलट्या बाजूला, इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर यायला लागल्यावर पण थोडा वेळ उघडा असतो, म्हणून थोडी हवा परत बाहेर जाते आणि आकडा तितका चढत पण नाही. काही हायब्रिड गाड्यांत तर हा व्हॉल्व्ह मुद्दाम खूप उशिरा बंद करतात, तिथे कागदावर रेशो १३ आणि गेजवर आकडा कमी, आणि तरी इंजिन एकदम निरोगी. तेव्हा रेशोवरून अपेक्षित आकडा काढत बसू नका, त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे नॉर्मल किती आणि कमीत कमी किती हे दिलेलं असतं ते बघा. मॅन्युअल नसेल तर अंदाजापुरतं धरा की बहुतेक पेट्रोल इंजिनं १३० ते २०० पीएसआयच्या मधे कुठेतरी असतात आणि १०० च्या खाली गेलं की काहीतरी नक्की बिघडलंय. गेज बारमधे असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. आणि उंचावर हवा विरळ असते, समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर गेलात की आकडा साधारण दहा टक्के आपोआप कमी येतो, त्यात इंजिनाचा काही दोष नाही.

गेज दोन प्रकारचे मिळतात. एकाला रबराचा कोन असतो तो प्लगच्या भोकावर हाताने दाबून धरायचा, दुसऱ्याला आटे असलेला पाईप असतो तो प्लगच्या जागी फिरवून बसवायचा. आट्यांचाच घ्या. रबरवाल्यात हात जरा हलला की हवा निसटते आणि तुम्ही समजता रिंग गेल्या. आट्याचा साईझ (१४ मिमी, १२ मिमी, क्वचित १० मिमी) आपल्या प्लगशी जुळतो का ते आधीच बघून घ्या. पाईपच्या इंजिनाकडच्या टोकाला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, टायरच्या व्हॉल्व्हसारखाच दिसतो पण स्प्रिंग खूप हलकी असते. तो खराब झाला म्हणून टायरचा काढून बसवणारे महाभाग आहेत, मग सगळेच आकडे कमी येतात आणि गोंधळ होतो.

आता तयारी. खरं तर टेस्टचा निकाल इथेच ठरतो.

इंजिन चालवून गरम करा, टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत, कारण गरम झाल्यावर पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह सगळं फुगून आपापल्या जागी बसतं आणि ऑइल पण सगळीकडे पोचतं. पण बंद केल्या केल्या लगेच प्लगला पाना लावू नका, ॲल्युमिनियमच्या हेडमधे एकदम तापलेला प्लग काढताना आटे सोलून येऊ शकतात, थोडं निवू द्या. आणि प्लग सैल करायच्या आधी त्या खड्ड्यातली धूळ माती हवेने उडवून टाका, नाहीतर ती सरळ सिलेंडरमधे पडते. मग सगळे प्लग काढायचे. एक काढून एक तपासणं असं नाही, सगळेच. बाकीचे प्लग लावलेले असले की ते सिलेंडर पण हवा दाबत बसतात, सेल्फ हळू फिरतो आणि आकडा पडतो. काढलेले प्लग नंबरवारीने ठेवा, कुठला काळा ओला आहे, कुठला पांढरा, हे नंतर फार उपयोगी पडतं.

पेट्रोल बंद करा, म्हणजे पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा नाहीतर इंजेक्टरचे कनेक्टर काढा. याला दोन कारणं आहेत, एक म्हणजे आत आलेलं कच्चं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून टाकतं आणि रिंगांचं सील जातं, दुसरं म्हणजे उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि स्पार्क पण बंद करा, कॉइलचे (स्पार्कसाठी करंट देणाऱ्या) कनेक्टर काढून ठेवा, कारण ती वाफ आणि बाजूलाच स्पार्क हे एकत्र नको, शिवाय मोकळ्यावर स्पार्क मारत राहिला तर कॉइल खराब होऊ शकते. बॅटरी फुल चार्ज हवी. आणि शेवटचं, जे हमखास राहतं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. थ्रॉटल बंद असेल तर इंजिनाला आत घ्यायला हवाच मिळत नाही, मग दाबणार काय? एकदम चांगल्या इंजिनात पण नुसत्या या एका गोष्टीने आकडे बरेच खाली येतात. केबलवाल्या गाडीत प्रश्न नाही, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पेडल दाबल्यावर आतली झडप खरंच उघडते का ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या. कार्बोरेटरची गाडी असेल तर चोक पण उघडा.

मग गेज पहिल्या सिलेंडरला हाताने फिरवून बसवायचा आणि सेल्फ मारायचा. गाडीतल्या माणसाला "थांब म्हटल्यावर थांब" एवढंच सांगायचं आणि स्वतः सुईवरची नजर काढायची नाही. सेल्फवर इंजिन मिनिटाला २०० ते ३०० फेरे फिरतं, म्हणजे एका सिलेंडरचे सेकंदाला साधारण दोन ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला सुई एक उडी मारते. सहा ठोके मोजा, म्हणजे तीनेक सेकंद. प्रत्येक सिलेंडरला तेवढेच ठोके द्यायचे, एकाला पाच आणि दुसऱ्याला दहा दिले तर तुलनाच राहत नाही.

बहुतेक लोक सुई थांबल्यावरचा आकडा लिहून घेतात आणि पुढच्या सिलेंडरला जातात. मला विचाराल तर पहिल्या उडीचा आकडा पण लिहा, त्यात जास्त माहिती असते. चांगल्या सिलेंडरमधे सुई पहिल्याच ठोक्याला अर्ध्याच्या पुढे जाते, म्हणजे समजा ९५, मग १३०, १५०, १६२, १६८, १७० अशी जाऊन थांबते. रिंग झिजलेल्या असतील तर पहिली उडी ५० वगैरेच असते पण मग ७५, ९५, ११० असं हळूहळू चढत राहते, कारण प्रत्येक वेळी थोडी हवा निसटते आणि थोडी साठते, आणि जास्त वेळ फिरवत बसलात तर शेवटचा आकडा बऱ्यापैकी दिसायला पण लागतो. व्हॉल्व्ह जळालेला असेल तर सुई ५०, ६५, ७० करून तिथेच अडते, कितीही फिरवा पुढे सरकत नाही. हे ढोबळ आहे, पण एकदा डोळे सरावले की पुढची टेस्ट करायच्या आधीच कशाकडे बघायचंय याचा अंदाज येतो.

आता आकडे. चार सिलेंडरला १४५, १४८, १४२, १४६ आले आणि मॅन्युअल म्हणतं नवीन असताना १८०, तर लोक घाबरतात. मी नाही घाबरणार, कमीत कमी आकडा १३० वगैरे दिला असेल तर इंजिन वयाप्रमाणे सगळीकडून सारखं झिजलंय, अजून बरीच वर्षं चालेल. याउलट १७८, १७५, ११८, १७६ आले तर तीन आकडे कितीही झकास असू देत, तिसऱ्यात रोग आहे, आणि ही गाडी पहिल्या गाडीपेक्षा वाईट आहे. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या आकड्यात दहा टक्क्यांपर्यंत फरक असेल तर छान, पंधरा वीस टक्क्यांपर्यंत लक्ष ठेवा, आणि सगळ्यात खालचा आकडा वरच्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा पण कमी असेल तर त्या सिलेंडरचं काहीतरी करावंच लागणार. इथे १७८ चे ७५ टक्के म्हणजे साधारण १३३, आणि आपल्याकडे आलेत ११८. म्हणजे नापास.

मग तिसऱ्यात नक्की काय झालंय? इथे ऑइल टाकून परत टेस्ट करायची, मेकॅनिक लोक हिला वेट टेस्ट म्हणतात. प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ ते १० मिली, इंजिन ऑइल आत सोडायचं, गेज न लावता एक दोन सेकंद सेल्फ मारून ते पसरू द्यायचं (भोकासमोर तोंड नको, ऑइलचा फवारा उडतो) आणि मग पुन्हा आकडा घ्यायचा. ऑइल पिस्टनच्या कडेने रिंगांभोवती जाऊन बसतं आणि तात्पुरतं सील करतं. ११८ चे १६० झाले तर रिंग किंवा बोअर (सिलेंडरची आतली भिंत) झिजलाय. ११८ चे १२३ झाले म्हणजे ऑइलने काही फरक पडला नाही, हवा वरून निसटतेय, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पाच दहा पीएसआय तर चांगल्या सिलेंडरमधे पण वाढतातच, कारण ऑइल स्वतः थोडी जागा खातं, त्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि ज्या इंजिनात सिलेंडर आडवे झोपलेले असतात तिथे ऑइल सगळं खालच्या बाजूलाच साचतं, वरची बाजू कोरडीच राहते, म्हणून तिथे या टेस्टचा फारसा भरवसा नाही.

व्हॉल्व्हवर संशय आला की लगेच हेड उतरवायची घाई करू नका हे मात्र आवर्जून सांगतो. ज्या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलून उघडणारा भाग) हाताने सेट करायचे असतात, तिथे व्हॉल्व्ह आणि तो टेकतो ती सीट झिजत गेली की व्हॉल्व्ह हळूहळू हेडमधे आत सरकतो आणि टॅपेटचं क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, कमी होत जातं. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाडीत हे जास्त लवकर होतं. क्लिअरन्स शून्यावर गेलं की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, केसाएवढा उघडा राहतो, आणि कॉम्प्रेशन जातं. गंमत म्हणजे अशा वेळी टॅपेटचा आवाज येत नाही, उलट इंजिन जास्तच शांत वाटतं, आवाजावरून गाडी घेणारे इथे फसतात. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून क्लिअरन्स बरोबर केलं आणि आकडा परत जागेवर आला तर मोठा खर्च वाचला. पण तसंच बरेच दिवस चालवलं असेल तर व्हॉल्व्हची कड जळालेली असते, मग हेड उतरवण्यावाचून इलाज नाही.

शेजारशेजारचे दोन सिलेंडर दोन्ही सारखेच पडलेले असतील, समजा दुसरा आणि तिसरा, तर त्या दोघांच्या मधली हेड गॅस्केट फुटली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, हवा एकातून दुसऱ्यात जातेय. सगळेच्या सगळे खूप कमी आले तर आधी स्वतःवर संशय घ्या, थ्रॉटल उघडा होता का, बॅटरी बसली का, गेज बरोबर आहे का. हे सगळं ठीक असूनही कमी असतील तर टायमिंग बेल्ट किंवा चेन दात सोडून बसलीय का ते बघा, कारण व्हॉल्व्ह चुकीच्या वेळेला उघडले तर चारही सिलेंडर एकदम पडतात. आणि आकडा पाहिजे त्यापेक्षा बराच जास्त आला तर खूश होऊ नका, पिस्टनवर कार्बनचा थर साचून जागा कमी झालीय किंवा आत ऑइल येतंय.

आता ही टेस्ट काय सांगत नाही ते. बेअरिंग, ऑइल पंप, क्रँक यांच्याबद्दल एक अक्षर सांगत नाही. गाडी ऑइल खाते आणि कॉम्प्रेशन मात्र एकदम फिट, असं पण होतं, कारण पिस्टनवर वरच्या दोन रिंग हवा अडवतात आणि खालची तिसरी ऑइल खरवडते, ती तिसरी कार्बनने चिकटून बसली तर गेजला कळायचं कारणच नाही. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे ऑइल सील गेले असतील तर तेच, सकाळी चालू केल्यावर निळा धूर आणि आकडे मात्र छान. हेड गॅस्केट पाण्याच्या बाजूला बारीक फुटली असेल आणि कूलंट थोडं थोडं कमी होत असेल तर तीसुद्धा सेल्फवरच्या टेस्टमधून बऱ्याचदा निसटते, चालत्या इंजिनात स्फोटाचा दाब कितीतरी जास्त असतो, तिथेच ती उघडी पडते.

शंका राहिलीच तर पुढची पायरी लीकडाउन टेस्ट. यात इंजिन फिरवायचं नसतं, पिस्टन एकदम वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून आत सोडायची आणि किती टक्के निसटते ते मोजायचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, वीसपर्यंत जुन्या गाडीला चालेल, तीसच्या पुढे दुखणं आहे. पण टक्क्यांपेक्षा कान जास्त कामाचा. हवेची फुसफुस ऑइलच्या झाकणातून येतेय तर रिंग, एअर फिल्टरच्या बाजूने येतेय तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून येतेय तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमधे बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला क्रॅक. (रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा.) हवा सोडताना गाडी गिअरमधे नको आणि क्रँकच्या बोल्टवर पाना राहायला नको, पिस्टन ढकलला गेला तर तो पाना गर्रकन फिरतो.

डिझेलबद्दल थोडक्यात, कारण घरी करायचं हे काम नाही. डिझेलला स्पार्क नसतो, हवा १५ ते २० पट दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं, म्हणून तिथे आकडे ३०० ते ५०० पीएसआय असतात आणि पेट्रोलचा गेज लावला तर फुटेल. वेगळा गेज लागतो, ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून लावावा लागतो. आणि डिझेलमधे ऑइल टाकून वेट टेस्ट कधीही करायची नाही, वरची जागा इतकी कमी असते की ऑइल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, शिवाय त्या उष्णतेत ऑइल पेटू पण शकतं.

राहिला प्रश्न दुसऱ्याची गाडी बघायला गेल्यावरचा, तिथे कोण प्लग काढू देणार? परवानगी मागून बघा, मालक नाही म्हणाला तर दोन गोष्टी तरी करता येतात. चालू इंजिनात ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा, थोडी हवा येणारच, पण झाकण नाचायला लागलं आणि ठोक्याठोक्याने धूर येत असेल तर रिंगांतून हवा खाली येतेय. दुसरी गोष्ट, बऱ्याच इंजेक्शनवाल्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि गाडी चालू न होता नुसती फिरत राहते. चार पाच सेकंद फिरवा आणि ऐका. सगळे सिलेंडर सारखे असतील तर आवाज एका लयीत येतो, प्रत्येक ठोक्याला सेल्फला सारखाच जोर लागतो. एक सिलेंडर मेलेला असेल तर दर चौथ्या ठोक्याला सेल्फ मधेच हलका होऊन पळतो, घर्र-घर्र-घर्र-फुर्र, घर्र-घर्र-घर्र-फुर्र, आणि हे ऐकू आलं तर गेज लावून बघितल्याशिवाय किमतीवर बोलायलाच बसू नका.